ओहोटी सांगेल तेव्हा

शुक्रवार

ब्रिस्बेनहून पहाटे साडेचारला निघायचं ठरलं होतं आणि पाचला निघालो. आमच्या टोळीच्या मानाने ही फारच वक्तशीर सुरुवात. पुढच्या गाडीत मी, मुग्धा आणि निखिल. मागच्या गाडीत शेखरदादा, पल्लवीवहिनी आणि त्यांचा मुलगा ओजस. दादा मूळचे यवतमाळचे, निखिल गुहागर तालुक्यातला, मी आणि मुग्धा पुण्याच्या. म्हणजे समुद्राशी जन्माची ओळख असलेला माणूस एकच, आणि ते तो आम्हाला विसरू देत नव्हता.

जायचं होतं गरी बेटावर. जून २०२३पर्यंत सरकारी नकाशावर याचं नाव फ्रेझर आयलंड होतं. १८३६ साली जहाज फुटून इथे पोचलेल्या एलायझा फ्रेझर नावाच्या बाईवरून ते पडलेलं. सुटका झाल्यावर तिने बेटावरच्या मूळनिवासी बुचुला लोकांबद्दल ज्या तिखटमीठ लावलेल्या हकिगती सांगितल्या, त्या छापून आल्या, खपल्या आणि बुचुलांच्या कपाळी कायमच्या चिकटल्या. त्यामुळे ते नाव जावं म्हणून त्यांनी इतकी वर्षं धरलेला आग्रह मला तरी पूर्ण पटतो.

बेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि जवळजवळ सगळंच्या सगळं वाळूचं. वाळूचं याहून मोठं बेट जगात नाही. आतले रस्ते म्हणजे झाडीतून गेलेल्या वाळूच्या चाकोऱ्या, आणि हमरस्ता म्हणजे पूर्वेचा किनारा. ‘सेव्हन्टी-फाइव्ह माइल बीच’ हा कायद्याने रस्ताच आहे. ताशी ८० किलोमीटरची मर्यादा, सीटबेल्ट, पोलिसांची तपासणी, सगळं लागू. फक्त हा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. त्यामुळे इथे फिरणाऱ्याच्या हातात पहिला कागद असतो तो भरती-ओहोटीच्या तक्त्याचा. ओहोटीच्या आधीचे दोन-अडीच तास आणि नंतरचे दोन-अडीच तास, एवढ्यात काय ते फिरून घ्यायचं.

वाटेतल्या जिंपी गावाच्या अलीकडे निखिलने मागच्या सीटवरून जाहीर केलं की त्याला तक्त्याची गरज नाही. “आज द्वादशी ना? बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊला पूर्ण भरती.” हा कोकणातला जुना हिशोब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत तो बऱ्यापैकी बरोबर येतो. अमावास्येला आणि पुनवेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. मुग्धाने फोनवर तक्ता उघडला. बेटावर भरती पहाटे पावणेसहाच्या सुमारास होऊन गेली होती आणि ओहोटी बाराच्या आत-बाहेर होती. गुहागरचं गणित इथे तब्बल तीन तासांनी चुकत होतं.

तो थोडा वेळ गप्प बसला, मग सावरला. चंद्र डोक्यावर आल्यानंतर किती वेळाने पाणी चढायचं, हे प्रत्येक किनाऱ्याच्या उथळ-खोलपणावर आणि आकारावर ठरतं. त्यामुळे अरबी समुद्राचा हिशोब पॅसिफिकला लावता येत नाही. पण रोज पाऊण तासाच्या आसपास भरती पुढे सरकते, हे दोन्हीकडे सारखंच, कारण चंद्र एकच आहे. “मग आजची वेळ एकदा बघायची आणि रोज पाऊण तास मिळवायचा. तक्ता घेऊन काय करायचाय?” तक्ता तरीही मुग्धाकडेच राहिला.

रेनबो बीच या गावात डिझेल भरलं (बेटावर मिळतं, पण दर ऐकून तहान लागते) आणि इन्स्किप पॉइंटला पोचलो. इथे डांबर संपतं आणि खरं काम सुरू होतं: टायरमधली हवा काढणं. रस्त्यावर ३६-३८ पीएसआय असते, ती आम्ही १८वर आणली. हवा कमी झाली की टायर दबतो आणि वाळूवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी वरून जातं. फोर-व्हील-ड्राइव्हची जाहिरात कितीही डोंगर चढून दाखवो, वाळूत निम्मं काम ही काढलेली हवाच करते. दादांनी २४वर थांबवली. “लय कमी नको करू बाप्पा, टायर रिमातून निसटन.” त्यावर कोणी वाद घातला नाही. गाडी त्यांची.

बार्जवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या सपाट बोटीवर, चढायच्या आधीचा वाळूचा पट्टा भुसभुशीत म्हणून बदनाम आहे. बेटावर पाय ठेवायच्या आधीच इथे रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ हा स्थानिकांचा आवडता विरंगुळा. आम्ही न थांबता पार झालो. बार्जचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. पलीकडे हूक पॉइंटला पुढची फळी खाली पडली, आणि समोर रस्ताच नव्हता. डावीकडे झाडी, उजवीकडे पॅसिफिक, मधे ओली, घट्ट, करडी वाळू नजर पोचेल तिथपर्यंत.

गाडी मी चालवत होते. ओल्या वाळूवर ती इतकी सुरळीत चालते की आपण रस्त्यावर नाही हे विसरायला होतं, आणि धोका तिथेच आहे. बेटाच्या पोटातलं गोडं पाणी ठिकठिकाणी ओहळ होऊन समुद्राकडे येतं आणि किनाऱ्यात आडवे चर पाडतं. काही बोटभर, काही गुडघाभर खोल, आणि कडा उभ्या कापलेल्या. साठच्या वेगात तो चर दहा-बारा मीटरवर आल्यावरच दिसतो. मुग्धाचं काम ठरलं: पुढे बघत राहायचं आणि ओरडायचं. शिवाय वरही बघायचं, कारण याच किनाऱ्यावर पर्यटकांची छोटी विमानं उतरतात. त्यांना वाट द्यावी लागते.

युराँगची वस्ती ओलांडून पुढे किनाऱ्यावरच्या तंबूंच्या पट्ट्यात आमचं आरक्षण होतं. गाडीचा परवाना वेगळा, तंबूचा वेगळा. दोन्ही आधीच काढावे लागतात. टेकाडांना भेगा पडाव्यात तशा वाटा आत जातात, त्यांतून मागे शिरायचं आणि जागा धरायची. वाऱ्याला आडोसा मिळतो आणि उधाणाचं पाणी तिथवर येत नाही. बाकी सोय शून्य. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. शेवटचा विषय प्रवासवर्णनात सहसा कोणी काढत नाही, पण जाणाऱ्याला तोच आधी छळतो, म्हणून सांगते: घडीचा कमोड आणि त्याचा छोटा तंबू बरोबर नेला होता, आणि तो उभारायचं काम ओजसकडे होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कुठेतरी उपयोग व्हायला हवा.

शेकोटी पेटवायची नाही, असा दुसरा नियम. बेटावर वनखात्याने करून ठेवलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर आगीला पूर्ण बंदी आहे. २०२०च्या ऑक्टोबरात नीट न विझवलेल्या एका बेकायदा शेकोटीतून वणवा पेटला आणि तो दोन महिने धुमसला. बेटाचा अर्ध्याहून अधिक भाग जळला. गॅसच्या शेगडीवर वहिनींनी पिठलं केलं, भाकरी घरून आणलेल्या होत्या. साडेपाचलाच अंधारायला लागलं. चंद्र उगवायचा होता तो पहाटे, त्यामुळे आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत होती. दादांनी दक्षिणेचा क्रूस शोधून दाखवला, मग तो दुसराच निघाला. तसले फसवे क्रूसही असतात म्हणे.

शनिवार

सकाळी तंबूच्या चेनबाहेर पावलांचे ठसे. कुत्र्याचे वाटावेत असे, आणि एका रेषेत. डिंगो रात्री येऊन, प्रत्येक तंबूला फेरी मारून गेला होता.

इथल्या डिंगोंना बुचुला लोक ‘वोंगारी’ म्हणतात. दिसायला हे आपल्या गल्लीतल्या पिवळ्या कुत्र्याचे चुलतभाऊ, आणि तीच पंचाईत आहे. हात आपोआप बिस्किटाकडे जातो. माणसाने भरवलेला डिंगो भीती सोडतो, मग मागायला लागतो, मग हिसकावायला. २००१ साली नऊ वर्षांच्या एका मुलाचा इथे जीव गेला. त्यानंतर नियम कडक झाले: अन्न गाडीत कुलपाबंद, कचरा गाडीत, मुलं हाताच्या अंतरावर, एकट्याने फिरायचं नाही, जवळ काठी ठेवायची, पळायचं अजिबात नाही. भरवणाऱ्याला जबर दंड. आणि हल्ला करणारा डिंगो बहुतेक वेळा मारला जातो, म्हणजे बिस्किटाची खरी शिक्षा त्यालाच.

एवढं सगळं माहीत असताना निखिलच्या पिशवीतून सुकट निघाली. अर्धा किलो. पाकीट बंद होतं, तरी वास गाडीभर. वहिनींनी ती दोन डब्यांत, वर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग दादांच्या गाडीतल्या फ्रिजच्या तळाशी घातली. “ही इथे उघडायची नाही,” त्या म्हणाल्या. “अहो वहिनी, पण पिठल्याबरोबर…” “नाही.” विषय संपला.

ओहोटी साडेबाराला, म्हणून दहाला निघालो, उत्तरेकडे. पोयुंगन आणि यिड्नी इथे किनाऱ्यावर काळपट खडक उघडे पडतात. हा खरं तर खडक नव्हे. वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मुरून झालेला घट्ट थर, इथे त्याला कॉफी रॉक म्हणतात. गाडी त्यावरून न्यायची नाही, मागच्या वळसावाटेने जायचं. वळसावाटा अरुंद, एका गाडीच्या, आणि समोरून कोणी आलं की मागे कोणी जायचं यावर डोळ्यांनीच वाटाघाटी.

हॅपी व्हॅली गेलं, ईलाय क्रीकपाशी गर्दी दिसली म्हणून ती परतीवर ठेवली, आणि थोड्याच वेळात समोर माहेनोचा सांगाडा. १९०५ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली ही प्रवासी बोट. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दरम्यान ये-जा करायची. पहिल्या महायुद्धात तिचं तरंगतं इस्पितळ झालं. १९३५च्या जुलैत तिला भंगारात काढून जपानकडे ओढत नेत होते. वाटेत वादळात दोर तुटला आणि ती इथे येऊन वाळूत बसली. काढायचे प्रयत्न फसले, गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांनी बॉम्बफेकीच्या सरावासाठी तिचा नेम धरला. आता उरलंय ते गंजून लाल झालेलं, बरंचसं वाळूत गेलेलं. हात लावायला, जवळ जायला बंदी आहे. बॉम्ब खाल्ल्यानंतरही नव्वद वर्षं टिकलेलं लोखंड बघून दादांना त्यांच्या गाडीच्या चॅसीची आठवण झाली. “ह्या खाऱ्या पाण्यात आपलं काय होईन?” हा प्रश्न त्यांनी पुढचे दोन दिवस दर तासाला विचारला.

पिनॅकल्सच्या रंगीत वाळूच्या कड्यांजवळून पुढे इंडियन हेड. १७७०मध्ये कॅप्टन कुकने जाताना या सुळक्यावर जमलेले मूळनिवासी बघितले आणि त्यांना ‘इंडियन्स’ समजून हे नाव ठेवलं. आता ‘टाकी वूरू’ हे त्याचं बुचुला नाव पाटीवर आहे. बेटावर खरा खडक आहे तो इथे आणि जवळच्या मिडल रॉक्स-वॅडी पॉइंटला, ज्वालामुखीचा. या खुंट्यांना अडकून दक्षिणेकडून प्रवाहाबरोबर येणारी वाळू लाखो वर्षं साठत गेली, तेच हे बेट. सुळक्याला वळसा घालून जाणारी वाट कोरड्या, खोल, रोज हजार चाकांनी घुसळलेल्या वाळूची आहे. काही ठिकाणी लाकडी फळ्यांचे पट्टे टाकलेत, पण फळ्या संपतात तिथे खरी परीक्षा.

मुग्धा चालवत होती. लो रेंज, दुसरा गिअर, पाय एकाच जागी, स्टिअरिंग हलकं धरून, गाडीला स्वतःच चाकोरी शोधू देत ती वर गेली. मागून दादा आले ते मध्यापर्यंत. समोरून एक गाडी उतरताना बघून त्यांनी ब्रेक मारला, आणि वाळूत चढावर ब्रेक मारला की गोष्ट तिथेच संपते. मग त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं फिरली, गाडी जागच्या जागी खाली गेली, आणि पोट वाळूला टेकलं.

फावडी काढली. चाकांपुढची वाळू उपसायची, मग पोटाखालची, मग रुतल्यावर घालायच्या प्लॅस्टिकच्या नक्षीदार पाट्या चाकांखाली सारायच्या. ओजसने मनापासून खणलं. मागे पाच गाड्या थांबल्या, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. उलट बंडाबर्गकडचे एक आजोबा अनवाणी उतरून आले, खाली वाकून टायर बघितला, अंगठ्याने दाबला आणि दादांना विचारलं, किती आहे? दादांनी सांगितलं. आजोबांनी काही न बोलता खिशातून गेज काढला आणि चारही टायर पंधरावर आणले. “घाई कशाला? समुद्र अजून दोन तास तुमचा आहे,” एवढंच म्हणाले. पुढच्या प्रयत्नाला गाडी अलगद पाट्यांवर चढली आणि सुटली. यानंतर परतीच्या बार्जपर्यंत हवेच्या बाबतीत दादा इतके काटेकोर झाले की आम्हालाच विचारायला लागले.

शॅम्पेन पूल्स म्हणजे खडकांच्या कुशीतली खाऱ्या पाण्याची उथळ कुंडं. लाट खडकावर आपटते आणि फेस आत सांडतो. एवढ्या लांब किनाऱ्यावर समुद्राचं पाणी अंगावर घ्यायची सुरक्षित म्हणावी अशी जागा ही; बाकी सगळीकडे ओढ जबरदस्त, शार्क आहेत, आणि जीवरक्षक एकही नाही. निखिलला हे पचायला जड गेलं. समोर समुद्र आणि पोहायचं नाही! कुंडाच्या वरच्या लाकडी वाटेवरून खूप लांब पाण्यात एक काळी पाठ वर आली, मग कारंजं उडालं. हंपबॅक देवमासे. जुलै ते ऑक्टोबर ते इथून जातात, आणि बेटाच्या पश्चिमेला हर्वी बेच्या शांत पाण्यात पिल्लांसह मुक्काम करतात. आम्ही तिथे जेवढं बसायचं ठरवलं होतं त्याहून जास्त बसलो, तोवर मुग्धाने तक्ता नाकासमोर धरला.

परतताना ईलाय क्रीक. तासाला चाळीस लाख लिटर गोडं पाणी समुद्रात सोडणारा ओढा, असं इथल्या माहितीत सांगतात. आकडा अविश्वसनीय वाटतो, पाण्यात उतरलं की वाटत नाही. वरपर्यंत लाकडी पायवाटेने चालत जायचं आणि टायरच्या ट्यूबवर बसून प्रवाहाबरोबर खाली यायचं. पाणी थंडगार आणि इतकं स्वच्छ की तळाची वाळू मोजता यावी. वहिनी आधी काठावर पर्सा सांभाळत बसल्या होत्या. ओजसने बळेच उतरवलं, आणि मग त्यांना बाहेर काढायला तक्त्याची धमकी द्यावी लागली.

साडेतीनला मुक्कामी. समुद्र पाठीमागे चढतच होता. पाचपर्यंत आम्ही आलो ती चाकोरी पुसली गेली होती.

संध्याकाळच्या भरतीला निखिलने गळ टाकला. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे टेलर माशाचा हंगाम. वर इंडियन हेड ते वॅडी पॉइंट भागात या दिवसांत मासेमारीला बंदी असते, खाली चालते. पस्तीस सेंटिमीटरहून लहान मासा सोडून द्यावा लागतो. पहिले तीन सोडले, चौथा मोजला, बसला. साफ केल्यावर उरलेलं भरतीच्या रेषेखाली हातभर खोल पुरलं, हाही डिंगोंसाठीचा नियम. हळद-मीठ-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर. एका माशात सहा जण, म्हणजे प्रसादच. सुकटीची आठवण निघाली. वहिनींनी फ्रिजकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवार

आज समुद्राशी संबंध कमी होता. युराँगपर्यंत किनारा, मग आत जंगलात. पण ओहोटी आता दुपारी सव्वाच्या सुमारास, त्यामुळे साडेदहापर्यंत मुक्काम हलवता येईना. आधी सगळ्यांची चुळबुळ. मग दादा खुर्ची टाकून झोपले, मुग्धाने पुस्तक काढलं, वहिनींनी ओजसला कांदे चिरायला बसवलं आणि निखिल उभा राहून पाण्याकडे बघत राहिला. “उतरतंय,” दर दहा मिनिटांनी सांगायचा. ब्रिस्बेनमध्ये आम्ही सगळे कॅलेंडरच्या चौकोनांवर जगतो. इथे मीटिंग पुढे ढकलायचा अधिकार एकट्या समुद्राला होता, आणि त्याने तो वापरला म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. मला सहलीतली ही सकाळ सगळ्यात आवडली, आणि फोटो काढावा असं तिच्यात काहीच घडलं नाही.

आतल्या वाटा हा निराळाच खेळ. ताशी ३०ची मर्यादा, आणि तेवढ्याचीही हिंमत होत नाही. मुळं, खड्डे, उजवी-डावी हेलकावे. पाठीच्या मणक्यांनी वेगवेगळं मतदान करावं असा प्रवास. आणि दोन्ही बाजूंना आकाशाला भिडलेलं जंगल, वाळूवर! नुसत्या वाळूत पोषक असं जवळजवळ काही नसतं. मुळांशी राहणाऱ्या बुरशा आणि कुजणारा पाला यांच्या जोरावर झाडांनी आपली माती आपणच तयार केली आहे. सेंट्रल स्टेशन ही लाकूडतोडीच्या काळातली वसाहत. इथली सॅटिने नावाची झाडं खाऱ्या पाण्यातल्या किड्याला दाद देत नाहीत, म्हणून त्यांचे सोट सुएझ कालव्याच्या कामासाठी गेले. तोड थांबली ती १९९१मध्ये, आणि पुढच्याच वर्षी बेट जागतिक वारसा यादीत गेलं. त्याआधी १९७६मध्ये वाळूचं खाणकाम बंद झालं होतं, तेही सरकारला सुबुद्धी झाली म्हणून नव्हे. लोक वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिले म्हणून.

तिथे वांगूल्बा नावाचा ओढा आहे. तळाला पांढरी वाळू, दगड एकही नाही, म्हणून पाण्याला आवाज नाही. पाणी वाहतंय हे एखादं पान पुढे सरकलं तरच कळतं.

लेक मॅकेन्झी, बुचुला नाव बूरांगूरा, हे सगळ्या पोस्टरवरचं तळं, आणि पोस्टर खोटं बोलत नाही. टेकाडांच्या खोलगटात पाला कुजून, दाबून तळाला एक न झिरपणारा थर बसतो आणि त्यावर पावसाचं पाणी साठतं. ओढा येत नाही, ओढा जात नाही. जगातल्या अशा अधांतरी तळ्यांपैकी साधारण निम्मी याच बेटावर आहेत. पाणी काठाला बिनरंगी, मग फिकट निळं, मग एकदम गडद. वाळू शुद्ध सिलिकाची, पायाखाली करकरते. वाहून जाणारं पाणीच नसल्याने आपण अंगाला लावलेलं जे पाण्यात जातं ते तिथेच राहतं, म्हणून सनस्क्रीन लावून उतरू नका अशी विनंती. शेजारी एक जण पांढरा लेप लावून उतरत होता. मुग्धाने त्याला सांगितलं. त्याने हसून हात हलवला आणि बुडी मारली.

जेवण तळ्याकाठी चालत नाही, कुंपण घातलेल्या जागेतच. तिथे कांदा-कोथिंबीर घातलेले दडपे पोहे खाताना विषय निघाला तो आपल्याकडचा. कोकणात हल्ली दर सुट्टीत कोणीतरी जीप किनाऱ्यावर घालतं, गोल-गोल फिरवतं आणि भरतीत अडकवतं. निखिल चिडूनच बोलला. आंजर्ले, वेळास इथे गावकरी रात्री जागून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतात, आणि त्याच किनारपट्टीवर कोणी चाकं फिरवायला येतो. “पण आपणही गाडीच घालून आलोय की,” ओजस म्हणाला. बरोबर होतं त्याचं. इथे किनारा रस्ता आहे, परवाना आहे, मर्यादा आहे, गाड्यांना बंद ठेवलेले भाग आहेत. तरी चाकाखाली वाळूतले शिंपले भरडले जातातच. यावर पोहे संपेपर्यंत चर्चा झाली आणि कोणाचंही मत बदललं नाही.

चारच्या आत किनारा गाठला. रात्री वारा उठला. तंबूचे खुंटे वाळूत धरत नाहीत, म्हणून पिशव्यांत वाळू भरून दोऱ्यांना बांधून पुरल्या होत्या. त्या टिकल्या. कमोडचा तंबू मात्र उडाला. तो कुठे गेला हे सकाळी कळलं. कसा परत आणला हे ओजसने सांगितलं नाही.

सोमवार

अमावास्या, म्हणजे उधाण. सकाळची भरती आठच्या सुमारास टेकाडांच्या पायथ्याला भिडली. आमच्या वाटेच्या तोंडाशी पाणी येऊन वळलं आणि किनारा नावाची वस्तूच उरली नाही. शुक्रवारी ज्या जागी गाडी लावून चहा केला होता तिथे आता लाट फुटत होती. उधाणाचं दुसरं टोकही तेवढंच टोकाचं, दोनच्या ओहोटीला पाणी लांबवर मागे जाणार होतं. बाराला निघालो तेव्हा वाळू तिसऱ्याच आकाराची होती. येताना नव्हते तिथे चर, होते तिथे सपाटी. तीन दिवसांपूर्वीचा अनुभव कामाला येत नाही, रोज नव्याने बघावं लागतं.

हूक पॉइंटला रांग होती, बार्ज आली, दहा मिनिटांत पलीकडे. टायरात परत हवा भरायला मात्र पाऊण तास गेला. छोटा कॉम्प्रेसर, आठ टायर, आणि प्रत्येकाला सांगायला एक किस्सा.

रेनबो बीचला गाड्यांना खालून फवारे मारणारी धुण्याची सोय आहे. मीठ चॅसीत बसलं की महिन्याभरात गंज दिसतो, त्यामुळे बेटावरून येणारी प्रत्येक गाडी आधी तिथे. आम्ही एकदा धुऊन बाजूला झालो. दादा पुन्हा रांगेत. दुसऱ्यांदा धुऊन आले, मग फडकं घेऊन बसले. चाकांच्या आतली बाजू, स्प्रिंगा, मडगार्डची बेचकी.

“झालं की हो, पुरे,” निखिल म्हणाला.

“अबे आज पोळा आहे,” दादा उठले नाहीत. “यवतमाळले असतो तं बैल धुतले असते ना? चार दिवस राबली ही. रुतली तरी रागावली नाही.”

वहिनींनी गाडीतून डबा काढला. तळाशी, सुकटीपासून शक्य तेवढ्या लांब, पुरणपोळ्या होत्या. कोणाला पत्ता नव्हता. कुंकवाची डबी त्यांच्या पर्समध्ये असतेच. बॉनेटवर एक बोट ओढलं, पोळीचा तुकडा क्षणभर काचेसमोर धरला आणि बाकीच्या आम्ही उभ्याउभ्याच संपवल्या. शेजारच्या गाडीतल्या जोडप्याने विचारलं, नवीन गाडी का? एकोणीस वर्षं जुनी आहे म्हटल्यावर ते आणखी बुचकळ्यात पडले. मुग्धाने समजावून सांगायला सुरुवात केली, बैलांपर्यंत आली आणि एक पोळी देऊन मोकळी झाली.

“आणि उद्या तान्हा पोळा,” दादा ओजसला म्हणाले, “तुझी सायकल धुऊन ठेव.”

मग जिंपीपर्यंत दोन्ही गाड्यांत सगळे झोपले, चालवणारे सोडून. सुकट निखिलच्या घरी पोचली, पाकीट न फोडलेलं.